जखम आणि जरब: एखादं राष्ट्र शस्त्र का उचलतं, याचा तक्ता कसा मांडावा

साताऱ्यातल्या अभ्यासिकांमध्ये युद्धाचा विषय निघाला की दोन उत्तरं ठरलेली असतात: ‘त्यांनी फार सोसलंय म्हणून’ किंवा ‘वचक बसवायला’. दोन्ही अर्धवट आहेत. चार-पाच जणांचा गट असेल तर खालचा तक्ता दीड तासात होतो. एक प्रसंग, एक फुलस्केप आणि चार रकाने: कृती, जखम (काय सोसलं), जरब (वचक) आणि ‘तेव्हा का नाही?’

कृती तारखेसह एका वाक्यात लिहा. ‘इस्रायल आक्रमक आहे’ हे मत झालं. ‘7 जून 1981 रोजी इस्रायली विमानांनी बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी उद्ध्वस्त केली’ ही कृती.

सगळ्यात जास्त चुका जखमेच्या रकान्यात होतात, म्हणून निम्मा वेळ इथेच द्या. नुसती घटना लिहून भागत नाही, राष्ट्राने तिच्यातून काढलेला धडा लिहायचा. जपानने महायुद्धानंतर राज्यघटनेच्या कलम 9 मध्ये युद्धाचा त्याग केला. इस्रायलने 60 लाख ज्यूंच्या संहारातून ‘आपलं रक्षण दुसऱ्यावर सोपवायचं नाही’ हा धडा घेतला. जर्मनीने तर एकाच इतिहासातून दोन धडे काढले: ‘पुन्हा युद्ध नको’ आणि ‘पुन्हा आउश्वित्झ (नाझींची संहार-छावणी) नको’. 1999 मध्ये कोसोवोतले अत्याचार थांबवायला लढायचं का, या प्रश्नावर ते एकमेकांसमोर आले आणि जर्मन विमानं नाटोच्या मोहिमेत उतरली. धड्याला पुरावा हवाच: भाषण, कायद्याचं कलम, चौकशी आयोग, शाळेचं पाठ्यपुस्तक. तो सापडला नाही तर रकाना कोरा सोडा.

जरबेला तीन प्रश्न विचारा. मारण्याची ताकद आहे का? ती वापरली जाईल असं समोरच्याला वाटतं का? आणि तो थांबला तर त्याला सोडतील, याची त्याला खात्री आहे का? तिसरा प्रश्न हमखास राहतो. त्यासाठी अजिंक्यताऱ्याकडे पाहा. 1689 मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांना हाल करून मारलं. ताकद अफाट होती, क्रौर्यातही कसर नव्हती; ‘थांबलो तर सोडतील’ ही खात्री तेवढी समोरच्याला नव्हती. तरी डिसेंबर 1699 मध्ये त्याला स्वतः साताऱ्याला वेढा घालावा लागला आणि किल्ला हाती यायला एप्रिल 1700 उजाडला. क्रौर्य म्हणजे जरब नव्हे, हे गटाला पटवायला याहून जवळचं उदाहरण नाही.

आता ओसिराक. इथे जरबेच्या रकान्यात ‘नाही’ लिहावं लागतं. भट्टी फोडली, कारण पुढे वचक पुरेल यावर इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांच्या सरकारचा भरवसा नव्हता. खोल जखम बहुधा असंच करते, जरबेवरचा विश्वासच घालवते. 7 ऑक्टोबर 2023 पूर्वी हमासला वचक बसलाय असं इस्रायली नेतृत्व धरून चाललं होतं. त्या दिवशी हमासच्या हल्ल्यात सुमारे 1,200 माणसं मारली गेली आणि उद्दिष्ट वचकावरून नायनाटावर गेलं. वचक बसवणाऱ्याला कुठे थांबायचं हे ठरवता येतं, नायनाट करणाऱ्याला ते फार अवघड जातं. गाझातल्या मृतांचा आकडा तिथल्या आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार 60,000 च्या पुढे गेला. तो त्याच कागदावर लिहा. पॅलेस्टिनींचाही तक्ता मांडा: 1948 मध्ये सुमारे 7 लाख लोक घरादाराला मुकले. कारण समजलं म्हणून कृत्य माफ होत नाही. सैनिक आणि नागरिक यांत फरक राखला का, हा युद्धकायद्याचा प्रश्न वेगळ्या कागदावर घ्या आणि कुठल्याही जखमेपोटी त्यात सूट देऊ नका.

चौथा रकाना सगळ्यांत उपयोगी: जखम तीच असून दुसऱ्या वेळी शस्त्र का उचललं नाही? 1991 च्या आखाती युद्धात इराकने इस्रायलवर सुमारे 40 स्कड क्षेपणास्त्रं डागली, इस्रायलने उलट मारा केला नाही. जखम तीच होती. पण इराकविरुद्ध अरब देशांना धरून उभी केलेली आघाडी फुटेल म्हणून अमेरिकेने त्याला आवरलं. भारताचंही तसंच. डिसेंबर 2001 च्या संसद हल्ल्यानंतर फौज सुमारे 10 महिने पाकिस्तानच्या सीमेवर होती, युद्ध झालं नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतरही भारताने हल्ला केला नाही. मग 2016, 2019 आणि मे 2025 मध्ये केला. अण्वस्त्रं तर 1998 पासून दोन्हीकडे उघडपणे होती. जमवाजमवीचा वेग, अचूक शस्त्रं, जनमत, बाहेरचा दबाव यांपैकी काय बदललं, ते पुराव्यासह शोधा.

‘जरब यशस्वी’ असं मात्र पेन्सिलनेच लिहा. 2006 च्या लेबनॉन युद्धानंतर हिजबुल्ला या तिथल्या सशस्त्र संघटनेचे प्रमुख नसरल्ला यांनी टीव्हीवर सांगितलं की, एवढं युद्ध पेटेल हे माहीत असतं तर इस्रायली सैनिकांचं अपहरण करायला सांगितलं नसतं. अशी कबुली क्वचित मिळते. एरवी शांतता वचकामुळे होती की समोरच्याला तेव्हा लढायचंच नव्हतं, हे सांगता येत नाही.

या जिल्ह्यात बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी फौजेत असतं, त्यामुळे भारताच्या तक्त्यावर आवाज चढतात. ज्याचा सगळ्यात चढेल, त्याला पाकिस्तानचा तक्ता लिहायला द्या. जखम: 16 डिसेंबर 1971, ढाका, सुमारे 93,000 युद्धकैदी. धड्याचा पुरावा त्याने शोधायचा. जानेवारी 1972 मध्ये तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष भुट्टो यांनी मुलतानला शास्त्रज्ञांची बैठक बोलावून अणुबाँबचा विषय काढला होता, तिथून त्याला सुरुवात करू द्या.