गोव्यातल्या बुडालेल्या बोटी पाहायला उतरण्यापूर्वी

युद्धात बुडालेली बोट पाहायची म्हणून गोव्याचं तिकीट काढत असाल, तर आधी कुठली बोट ते ठरवा. एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स या जर्मन बोटी आणि आन्फोरा ही इटालियन, अशा चार बोटी मुरगाव बंदरात आसऱ्याला होत्या. मार्च १९४३ मध्ये त्यांच्याच खलाशांनी त्या बुडवल्या. एहरेनफेल्सवरून जर्मन पाणबुड्यांना खबर जाते असा ब्रिटिशांचा संशय. पण गोवा पोर्तुगिजांचा, म्हणजे तटस्थ, तेव्हा सैन्य धाडता येईना. मग कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतली पोक्त, पोट सुटलेली साहेब मंडळी एका गाळवाहू बार्जवरून गुपचूप चाल करून आली, आणि बोटी हाती लागू नयेत म्हणून खलाशांनी त्या बुडवल्या. गोष्ट झकास आहे, पण जागा चालत्या बंदरातली. हौशी डायव्हरची ती नव्हे. १८ डिसेंबर १९६१ ला आपल्या बेतवा आणि बियास या युद्धनौकांशी लढलेली पोर्तुगिजांची अफोंसो द अल्बुकर्कही शोधू नका. ती किनाऱ्याला लागली आणि पुढे मुंबईला नेऊन भंगारात काढली.

हौशी माणसासाठी उरतं वास्कोसमोरचं ग्रँड बेट. तिथल्या एका जुन्या मालवाहू बोटीच्या सांगाड्याला डायव्हर मंडळी ‘सुझीज रेक’ म्हणतात. तुम्हाला नेणाऱ्या बोटीवर कुणी मुरगावच्या युद्धाची गोष्ट तिलाच चिकटवली तर हसून ऐका.

हंगाम ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात सगळं बंद. मात्र महिन्याइतकीच तिथी पाहा, हे सहसा कुणी सांगत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोरात असते, तळाचा गाळ वर येतो आणि पुढच्या माणसाचे फिन (पायातले वल्हे)सुद्धा दिसेनासे होतात. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भरती-ओहोटी मंद असते त्या भांगाच्या दिवसांत, पाणी त्यातल्या त्यात निवळ. तरीही अंदमानसारखं आरस्पानी पाणी इथे मागू नका.

म्हणून सराव खोलीचा नाही, गढूळ पाण्याचा करा. ओपन वॉटर सर्टिफिकेटने, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या प्रमाणपत्राने, १८ मीटरपर्यंत जाता येतं आणि ग्रँड बेटाला तेवढं पुरे. पण तरंगण्यावर ताबा नसेल तर एका फटक्यात गाळ उडतो आणि गंजलेला पत्रा हाताला लागतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते डॉक्टरांना सांगा. दमा किंवा कानाचं ऑपरेशन झालेलं असेल तर तेही लपवू नका. सर्दी असेल तर उतरूच नका, कान फुटतो.

सामानात टॉर्च हवाच, भर दुपारीही. अंगभर सूट घ्या. जाळी कापायला छोटी सुरी किंवा कटर पायाला नव्हे, छातीशी, दोन्ही हात पोचतील तिथे बांधा. बुडालेल्या लोखंडावर मच्छीमारांची तुटलेली जाळी अडकून राहतात. मला माशांपेक्षा त्यांचीच धास्ती जास्त. विषारी काट्यांच्या लायनफिशला हात लावला नाही तर तो काही करत नाही. सांगाड्याच्या आत शिरायचं नाही. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं. आणि खिळासुद्धा उचलायचा नाही. दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेला सुंची रीफ या गोव्याच्याच बुडीत खडकावर जुन्या जहाजाच्या तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात सापडले. जो तो एकेक वस्तू घरी नेता, तर अभ्यासाला काय उरलं असतं?

मळमळीची गोळी बोटीत चढण्यापूर्वी घ्यायची, ओकारी आल्यावर नाही. आदल्या रात्री फेणी नको, हे गोव्यात सांगणं जड जातं.

शेवटचं परतीचं. दाबोळी विमानतळ शेजारीच म्हणून संध्याकाळचं विमान धरायचा मोह होतो. पण पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे होऊन त्रास देतो, म्हणून एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास थांबा. गाडीने जाणारे स्वतःला सुटलेले समजतात, पण आंबोली किंवा चोर्ल्याचा घाट म्हणजेही उंची आणि रक्तातल्या नायट्रोजनला गाडी की विमान ते कळत नाही. कोल्हापूर-बेळगाववाल्यांनी रात्र वास्कोत काढावी, दुसऱ्या दिवशी जेवून निघावं.