गावाच्या ओव्या दाखल नोंदवहीत: छोट्या वाचनालयाने स्थानिक साहित्य डिजिटल कसे करावे

मोठ्या ग्रंथालयांतली दुर्मिळ पुस्तके हळूहळू नेटवर येत आहेत. पण आपल्या गावच्या नाट्यमंडळाची हस्तपत्रके, शाळेची जुनी स्मरणिका, आजीच्या तोंडच्या ओव्या डिजिटल करायला बाहेरून कोणी येणार नाही. ते काम गावच्या वाचनालयाचेच. अनुदानाची वाट पाहू नका. एक बरा मोबाइल आणि दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक टिपायची वही, असली की सुरुवात करता येते.

नोंदवहीचा आग्रह का, ते सांगतो. आमच्या वाचनालयाच्या कपाटात कीर्तनाच्या 7 कॅसेट सापडल्या. आवाज खणखणीत, पण बुवा कोण, साल कोणते, उत्सव कुठला, हे एकीवरही लिहिलेले नाही. विचारायला निघालो तोवर सांगणारी माणसे उरली नव्हती. ती हळहळ अजून जात नाही.

1. एकच विषय घ्या. पहिल्या वर्षी फक्त ओव्या, किंवा फक्त जुने फोटो. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. आज त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाच्या संकेतस्थळावर वाचता येतात, त्यातल्या अनेक ऐकताही येतात. गाणारीचे नाव आणि गाव जपले गेले, म्हणून त्या ओव्यांचे मोल इतके मोठे. आपण 25 ओव्यांनी सुरुवात करू.

2. आधी परवानगी, मग ओवी. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच आजींना नाव, गाव आणि तारीख बोलायला सांगा. हे वाचनालयातच ठेवायचे की नेटवर टाकायचे, तेही त्यांनाच विचारा. विकिमीडिया कॉमन्ससारख्या (विकिपीडियाचे फोटो-आवाजांचे खुले भांडार) ठिकाणी टाकलेली गोष्ट कोणीही वापरू शकतो, अगदी व्यवसायासाठीसुद्धा. हे त्यांना स्पष्ट सांगा. नको म्हणाल्या तर नको.

3. रेकॉर्डिंग. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. जाते फिरताना जमीन थरथरते आणि ती घरघर आवाजात उतरते. म्हणून फोन जमिनीवर न ठेवता स्टुलावर, घडी घातलेल्या गोधडीवर, गाणारीपासून हातभर अंतरावर ठेवा. जाते थांबवून गायला लावू नका, बऱ्याच जणींना हात फिरल्याशिवाय पुढची ओळ आठवत नाही. शक्यतो वेव्ह स्वरूपात रेकॉर्ड करा. अनेक फोन एम४ए फाईल करतात, ती कॉमन्सवर चढत नाही. ओवीत आलेली नावे आणि नाती तिथल्या तिथे विचारून घ्या. ‘सोनुताई कोण?’ एवढ्या प्रश्नावर कधी कधी अख्ख्या माहेराची हकिगत निघते. तीही रेकॉर्ड करा.

4. कागद. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, पानामागे काळा कागद ठेवून फोटो काढा. स्कॅनर असेल तर स्पष्टता 300 डीपीआय (दर इंचात 300 ठिपके) ठेवा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर तो दाबला जातो आणि बारीक अक्षर पुसट होते. छापील मराठी पानाचा फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडला की मजकूर टाईप केलेला मिळतो. जोडाक्षरे आणि अनुस्वार मात्र चुकतात. इथे गावातले निवृत्त शिक्षक फार मोलाचे. मुद्रितशोधन त्यांच्याकडे सोपवा.

लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे प्रताधिकार (कॉपीराइट) राहतो. 1964 साली वारलेल्या लेखकाचे हयातीत छापलेले लेखन 1 जानेवारी 2025 पासून खुले झाले. असे खुले झालेले पुस्तक मराठी विकिस्रोत या नेटवरच्या मोफत ग्रंथालयात चढवा. ज्यांची मुदत संपलेली नाही, त्यांच्यासाठी लेखकाची किंवा वारसांची लेखी संमती हवीच.

5. दाखल क्रमांक. पुस्तकाला देतो तसाच प्रत्येक फाईलला क्रमांक द्या आणि फाईलचे नावही तेच ठेवा. नोंदवहीत रकाने असे: क्रमांक, तारीख, कोणी सांगितले, गाव, कोणी टिपले, परवानगी. फाईलच्या 3 प्रती ठेवा. त्यातली एक वाचनालयाच्या इमारतीबाहेर, पुराचे पाणी किंवा वाळवी पोहोचणार नाही अशी.

6. परत गावात. नेटवर टाकलेल्या ओव्यांचा क्यूआर कोड छापून एसटी थांब्यावर, ग्रामपंचायतीत लावा. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, वाचनालयात स्पीकर लावून ओव्या ऐकवा. गाणाऱ्या आजींना पुढच्या रांगेत बसवा. ऐकता ऐकता कोणीतरी म्हणेलच, ‘ही ओळ आमच्याकडे वेगळी म्हणतात.’ त्या बाईंचे नाव, गाव तिथेच लिहून घ्या आणि नोंदवहीत पुढचा क्रमांक टाका.