बॉक्सिंग ग्लव्हज घेताना या चुका टाळा

मी शिकवतो त्या क्लबमध्ये नवीन मुलं येतात ती बहुतेक वेळा ग्लव्हज विकत घेऊनच. आधी कुणाला विचारत नाहीत. एखाद्या लढतीचा व्हिडिओ बघायचा, रात्री ऑर्डर द्यायची आणि दोन दिवसांनी ते घेऊन सरावाला हजर व्हायचं. मग मी पिशवीतून ग्लव्ह काढतो, मनगटावरचा आकडा वाचतो आणि विचारतो, "हे कशासाठी घेतलेस?" बहुतेकांकडे उत्तर नसतं. या प्रश्नाचं उत्तर नसताना पैसे खर्च करणं, हीच पहिली चूक. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका तिच्यातूनच निघतात.

आकडा हाताचा नसतो

ग्लव्हवर ८, १०, १२, १४, १६ असं लिहिलेलं असतं. ते बुटांसारखं माप नाही. ते एका ग्लव्हचं औंसातलं वजन आहे. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. त्या हिशेबाने ८ औंसाचा ग्लव्ह साधारण २२७ ग्रॅम, १० चा २८४, १२ चा ३४० आणि १६ चा ४५४ ग्रॅम भरतो. आकडा वाढतो तसं मुख्यतः आतलं पॅडिंग वाढतं. हाताची जागाही थोडी वाढते, पण किती, ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. म्हणून "माझा हात लहान आहे, मला १० पुरतील" हे म्हणणं निरर्थक आहे. नाजूक हातांच्या मुलीनेही स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सरावाच्या लढतीला, जाड पॅडिंगचेच ग्लव्हज घालायचे, कारण ते पॅडिंग समोरच्या मुलीच्या चेहऱ्यासाठी आहे.

घेताना हाताला बँडेज, म्हणजे ग्लव्हच्या आत मूठ आणि मनगटाभोवती गुंडाळायची लांब कापडी पट्टी, बांधून घालून बघा. रिकाम्या हाताला घट्ट बसलेला ग्लव्ह बँडेजवर चढतच नाही. आणि घरी आणल्यावर वजनकाट्यावर ठेवा. मी आजही प्रत्येक नवी जोडी काट्यावर ठेवतो. स्वस्त ग्लव्हजमध्ये छापलेला आकडा आणि खरं वजन यांत फरक सापडतो, कधीकधी डाव्या-उजव्यातसुद्धा.

जुन्या लढती बघून माप ठरवणं

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मुलं जुन्या काळ्या-पांढऱ्या फिल्म बघतात. ४ जुलै १९१९, टोलेडो, जॅक डेम्प्सी विरुद्ध जेस विलर्ड. पहिल्याच फेरीत विलर्ड सात वेळा खाली पडतो. डेम्प्सीच्या हातातले ग्लव्हज आजच्या मानाने अगदी चपटे दिसतात, कारण ते ५ औंसांचे होते. ते पाहून मुलांना वाटतं, खरे बॉक्सर पातळ ग्लव्हज घालतात आणि जाड ग्लव्हज घाबरटांसाठी असतात.

मुळात ते आकडे कसे बदलत गेले ते समजून घ्या. १८६७ साली ग्लव्हज घालून लढायचे क्वीन्सबेरी नियम प्रसिद्ध झाले. त्यात ग्लव्हज योग्य आकाराचे, उत्तम प्रतीचे आणि नवे असावेत एवढंच होतं. औंसाचा आकडाच नव्हता. त्यानंतरही उघड्या मुठींच्या लढती चालूच राहिल्या. जॉन एल. सुलिव्हन आणि जेक किलरेन १८८९ मध्ये मिसिसिपीत ७५ फेऱ्या उघड्या मुठींनी लढले. हेवीवेट अजिंक्यपदाची ती तशी शेवटची लढत. तीन वर्षांनी, १८९२ मध्ये, न्यू ऑर्लीन्सला हाच सुलिव्हन ५ औंसांचे ग्लव्हज घालून जिम कॉर्बेटसमोर उभा राहिला आणि एकविसाव्या फेरीत हरला. पुढच्या दशकांत ५ चे ६ झाले, ६ चे ८ झाले. आज व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये बहुतेक ठिकाणी वेल्टरवेटपर्यंत, म्हणजे १४७ पाउंड किंवा सुमारे ६६.७ किलोपर्यंत, ८ औंस आणि त्यावर १० औंस असा रिवाज आहे. हौशी बॉक्सिंगमध्ये पुरुषांच्या हलक्या गटांना १०, जड गटांना १२ आणि महिलांना १०.

दीडशे वर्षांत आकडा एकाच दिशेने सरकला, तो जखमा बघून. उघड्या मुठीने कवटीवर मारलं की मारणाऱ्याचीच हाडं मोडतात, करंगळीच्या मागचं हाड तर फार लवकर. त्यामुळे जुने लोक डोक्यावर जपून मारायचे. ग्लव्ह आला, मूठ सुरक्षित झाली आणि डोक्यावर पूर्ण ताकदीने मारणं शक्य झालं. पॅडिंगमुळे कातडी फाटणं आणि हाडं मोडणं कमी होतं, पण डोक्याला बसणारा हादरा काही नाहीसा होत नाही. जाड ग्लव्हज घातले म्हणून बिनधास्त मारत सुटणारेही मला दिसतात. तेही तितकंच चुकीचं.

हल्लीचं उदाहरण द्यायचं तर ऑगस्ट २०१७ ची मेवेदर-मॅकग्रेगर लढत. ती १५४ पाउंडांची होती, म्हणजे अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या नियमाने १० औंस हवे होते. तिथल्या क्रीडा आयोगाने खास अपवाद म्हणून ८ ला परवानगी दिली. तेव्हापासून "सर, मोठे लोक तर आठचेच घालतात" हे वाक्य मला ऐकावं लागतं. त्या दोघांच्या आजूबाजूला डॉक्टर होते, पंच होता, आणि परवानगीसाठी आयोगापुढे अर्ज करावा लागला होता. हा भाग त्या वाक्यात कधीच येत नाही.

सामन्याच्या ग्लव्हजने स्पारिंग

आमच्या क्लबमध्ये कॉलेजला जाणारा एक मुलगा होता, त्रेसष्ट किलोच्या आसपासचा. मेहनती, पण प्रत्येक गोष्ट पुढच्या आठवड्यात यायला हवी अशी घाई. त्याने ऑनलाइन १० औंसांचे, लेस बांधायचे, आत घोड्याचे केस भरलेले ग्लव्हज मागवले. अशा ग्लव्हजमध्ये बोटांच्या सांध्यांवरचं पॅडिंग पातळ आणि घट्ट असतं, म्हणून जोरदार मारणाऱ्या व्यावसायिकांना ते आवडतात. मी पलीकडे एका लहान मुलाला बँडेज बांधायला शिकवत होतो. तेवढ्यात तो ते ग्लव्हज घालून रिंगमध्ये उतरला. समोर त्याच्याहून हलका मुलगा, १६ चे ग्लव्हज घातलेला. दुसऱ्या फेरीत एक सरळ उजवा ठोसा लागला आणि समोरच्याची भुवई फाटली.

टाके पडले. त्या मुलाची जिल्हा स्पर्धा जवळ आली होती. लढतीआधीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी त्याला बाहेर ठेवलं, आणि ते बरोबरच होतं. वर्षभर पहाटे उठून धावलेला मुलगा दुसऱ्याच्या खरेदीमुळे घरी बसला. मारणारा रडवेला होऊन सांगत होता, "सर, मी जोरात नव्हतं मारलं. आणि स्पर्धेत तर दहाचेच असतात ना?" त्याने जोरात मारलं नव्हतं, हे मलाही दिसलं होतं. तेवढ्याच ताकदीचा ठोसा १६ च्या ग्लव्हमधून लागला असता तर फार तर सूज आली असती.

स्पर्धेत दहाचे असतात, कारण तिथे तीन-तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या असतात, पंच मध्ये पडतो, डॉक्टर रिंगपाशी बसलेला असतो आणि अशा लढती वर्षात मोजक्याच होतात. स्पारिंग आठवड्यामागून आठवडे चालतं, त्याच चार जोडीदारांबरोबर. ते चेहरे टिकायला हवेत.

आणि हे काही नवं नाही. लंडनच्या जॅक ब्रॉटनने १७४३ मध्ये लढतींचे नियम घातले आणि १७४७ मध्ये आपल्या शाळेची जाहिरात देताना शिकाऊ मंडळींसाठी गादीसारखे हातमोजे देऊ केले. काळे-निळे डोळे, मोडलेले जबडे आणि रक्ताळलेली नाकं टळावीत म्हणून. त्याच्या खऱ्या लढती उघड्या मुठींच्याच असायच्या. म्हणजे ग्लव्ह आधी सरावासाठी आला, सामन्यात यायला त्याला आणखी शंभराहून जास्त वर्षं लागली. सरावाचा ग्लव्ह सामन्याच्या ग्लव्हपेक्षा जाड असायला हवा, ही समज तेव्हापासूनची आहे आणि ती मोडायचा अधिकार घाईत असलेल्या कुणालाही नाही.

स्पारिंगसाठी माझा नियम असा: साठ किलोच्या आत १४, त्यावर १६, आणि लेसऐवजी वेल्क्रो, म्हणजे दुसऱ्याची मदत न घेता काढता-घालता येतात. विक्रीच्या वेबसाइटवरचे वजनाचे तक्ते मी बघत नाही, कारण त्यात बॅग (ठोसे मारायची टांगलेली पिशवी) आणि स्पारिंग एकाच ओळीत कोंबलेलं असतं. बॅगसाठी वेगळी जोडी ठेवा, १० किंवा १२ ची. बॅगवर मारून मारून फोम दबतो, आणि तो दबलेला ग्लव्ह मग कुणाच्या तरी नाकावर बसतो. दोन जोड्या परवडत नसतील तर १६ ची एकच घ्या आणि बॅगवरही तीच वापरा. खांदे दुखतील, दुखू द्यात.

पॅडिंग 'मोकळं' करणं

नवे ग्लव्हज कडक वाटतात म्हणून काही जण ते दाराच्या फटीत दाबतात, पायाखाली तुडवतात, काही तर शिवण उसवून आतलं थोडं काढतात. हे ऐकलं की मला बिली कॉलिन्स आठवतो. १६ जून १९८३, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. त्याच्यासमोर लढणाऱ्या लुइस रेस्टोच्या ग्लव्हजमधून रेस्टोचाच प्रशिक्षक पनामा लुइस याने पॅडिंग काढून टाकलं होतं. दहा फेऱ्यांनंतर कॉलिन्सचा चेहरा ओळखू येत नव्हता, डोळ्याला झालेल्या इजेने त्याची कारकीर्द तिथेच संपली आणि पुढच्या वर्षी तो मोटार अपघातात गेला. रेस्टो आणि पनामा लुइस दोघांनाही १९८६ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं. एका ग्लव्हमधून गेलं होतं सुमारे एक औंस, म्हणजे जेमतेम २८ ग्रॅम. ग्लव्ह नरम व्हायला बॅगवर थोडे आठवडे लागतात. तेवढं थांबा.

बाकीच्या, थोडक्यात

चार औंसांचे एमएमएचे (मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे) ग्लव्हज बॅगवर वापरू नका. ते पकड घेण्यासाठी बोटं मोकळी ठेवतात, सांध्यांना आधार फार कमी देतात.

बँडेज न बांधता ग्लव्ह घालू नका. साडेचार मीटरचं घ्या. लहान बँडेज मनगटापर्यंत पोचून संपतं.

हेडगार्ड, म्हणजे डोक्यावरचं पॅडिंगचं कवच, आहे म्हणून पातळ ग्लव्हज चालतील, हा तर्क चालत नाही. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंग संघटनेने वरिष्ठ पुरुषांच्या लढतींतून हेडगार्ड काढूनच टाकले, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष त्यांच्याविना खेळले. हेडगार्ड कातडी वाचवतं, मेंदूचा हादरा थांबवत नाही.

लहान मुलांना "वाढत्या अंगाचं" म्हणून १२ चे देऊ नका. मनगट पेलत नाही, ठोशाची सवय बिघडते. ६ किंवा ८ घ्या, आणि त्या वयात स्पारिंग नकोच.

घामाने ओले ग्लव्हज पिशवीत बंद करून ठेवू नका, कडक उन्हातही टाकू नका, चामडं तडकतं. पावसाळ्यात आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याखाली ठेवा. सकाळी बोळे बदला.

जुना ग्लव्ह कधी सोडायचा, हे मी अंगठ्याने ठरवतो. हात आत घालून बाहेरून सांध्यांवर अंगठा दाबायचा. आतलं हाड जाणवलं की त्या ग्लव्हच्या मनगटपट्टीवर काळ्या मार्करने फुली मारतो. फुलीचा ग्लव्ह माझ्या रिंगमध्ये येत नाही, तो कुणाचाही असो आणि कितीही महाग असो.