एक सैनिक, तीन मृत्युतारखा: या चुका टाळा

रविवारी सकाळी कुणी पिशवी घेऊन दारात उभं राहिलं की आत काय असणार हे मला न उघडता कळतं. जुन्या रुमालात बांधलेलं पदक, तलाठ्याकडून आणलेली फेरफाराची नक्कल, मोबाइलवर काढलेला कुठल्याशा यादीचा फोटो. आणि वर प्रश्न: "काका, ह्यातली खरी तारीख कुठली, तेवढी सांगा की." तेवढी! गावच्या कमानीवर नाव कोरायचं असतं, पाथरवट ठरलेला असतो, पाहुणे ठरलेले असतात. फक्त माणूस कधी मेला हे ठरायचं राहिलेलं असतं.

महायुद्धांत आपल्या कोल्हापूर भागातून गेलेल्या शिपायांची माहिती शोधण्याचा हा उद्योग मी बरीच वर्षं करतो आहे. चुका त्याच त्या होतात. त्यातल्या काही मी स्वतः केल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यावर जरा जास्त राग आहे.

म्हाळाच्या (पितृपक्षातल्या श्राद्धाच्या) तिथीवरून तारीख काढू नका

कागल तालुक्यातलं एक घर. पणजोबा ११७ व्या मराठा पलटणीत होते, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले, परत आले नाहीत. कागद तीन आणि तारखाही तीन. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत २२ नोव्हेंबर १९१५. गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या वहीत, मोडीतली नोंद फेब्रुवारी १९१६ ची. आणि घरातल्या आजी ठाम: "भाद्रपदातली वद्य चौदस. माझ्या सासूबाईंनी कधी चुकवली न्हाई."

पणतू हुशार, पुण्यात नोकरीला. त्यानं मोबाइलवरच्या पंचांगात तिथी टाकली आणि सप्टेंबर १९१६ चा शेवट काढला. मग त्यावर गोष्ट रचली: पणजोबा तिकडच्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होते, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, कैदी म्हणून वाळवंटातून चालवत नेलं, वाटेत सप्टेंबरात गेले. गोष्ट बसतही होती. ११७ वी पलटण खरंच कुतमध्ये होती आणि त्या कैदेत आपली पुष्कळ माणसं खरंच मेली. आयोगाच्या यादीत इंग्रज कारकुनानं घोळ घातला असणार, असं त्याचं मत. खोटं कशाला बोलू, मीही दोन महिने तेच धरून चाललो होतो. घरची बाई तिथी सांगते म्हणजे ती पक्की, हा माझा भाबडा हिशेब.

पुढं त्याच घरी पितृपक्षात जाणं झालं. आजी स्वयंपाकघरातून सहज बोलून गेल्या, "हत्यारानं गेलेल्यांचा म्हाळ चौदशीलाच घालायचा असतोय, दुसऱ्या दिवशी चालत न्हाई." मी हातातला कप खाली ठेवला. कुठलंही छापील पंचांग उघडा, भाद्रपद वद्य चतुर्दशीपुढं 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं लिहिलेलं असतं. ती तिथी मरणाची नव्हतीच, ती मरणाच्या प्रकाराची होती. माणूस चैत्रात पडो की पौषात, शस्त्रानं गेला तर त्याचं पान चतुर्दशीलाच वाढायचं. लहानपणापासून हे बघत आलेला मी, आणि एका मोबाइलच्या पंचांगानं मला येडं केलं.

मग बाकीचं आपोआप उलगडलं. २२ नोव्हेंबर १९१५ हा बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईचा पहिला दिवस. ११७ वी पलटण त्या लढाईत होती. तिथून माघार घेत फौज डिसेंबरच्या सुरुवातीला कुतला पोहोचली आणि ७ डिसेंबरला वेढा पडला. अशा वेळी मेलेल्यांच्या याद्या घरोघर पोहोचणार कशा? गावात बातमी आली फेब्रुवारीत, आणि कोतवाल बुकात तीच चढली. ती नोंद खोटी नाही. बातमी गावात कधी आली याचं ते उत्तर आहे, माणूस कधी गेला याचं नव्हे. खरी तिथी काढायचीच तर ती त्रिपुरारी पौर्णिमेच्या आगेमागे येते, आणि त्या दिवशी त्या घरात त्याच्या नावानं कधी पान वाढलं गेलं नव्हतं.

यादीतली २२ तारीखही मी डोळे झाकून घेत नाही. लढाई २५ पर्यंत चालली. वाळवंटात, माघारीच्या घाईत कोण नेमका कुठल्या दिवशी पडला हे कोण टिपून ठेवणार? हजेरीला माणूस नाही, म्हणून लढाईच्या पहिल्या दिवशी मांडला, असंही झालेलं असतं. माझ्या वहीत त्या शिपायापुढं '२२ ते २५ नोव्हेंबर १९१५, यादीप्रमाणे २२' असं आहे. पणतूला ते आवडलं नाही. कमानीवर एकच तारीख मावते म्हणाला.

तेव्हापासून प्रत्येक तारखेपुढं मी तीन गोष्टी लिहितो: कुणी लिहिली, कधी लिहिली, कशासाठी लिहिली. पद्धत म्हणा, खोड म्हणा. फेरफारातली तारीख वारसाची नोंद लागल्याची असते, आणि ती जमिनीचा वाद उभा राहीपर्यंत दहा-दहा वर्षं लागलेली नसते. तरी दर महिन्याला कुणीतरी येतंच: "सरकारी कागद हाय काका, खोटा कसा असंल?"

दोन माणसांचा एक करू नका

ही माझी दुसरी लाडकी चूक. एकाच नावापुढं दोन तारखा दिसल्या की लोक लगेच 'नोंदीत विसंगती' म्हणून मोकळे होतात. अहो, माणसंच दोन असतील की! आपल्याकडं नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. दोन सख्खे भाऊ, दोघांनी आपापल्या थोरल्याला वडिलांचंच नाव ठेवलं, तर दोघा चुलत भावांचं नाव एक, आडनाव एक, गाव एक. सैनिक टाकळीसारख्या घरटी फौजी देणाऱ्या गावात तर ही शक्यता आधी धरायची आणि मग पुढं जायचं. गडहिंग्लजकडच्या अशाच दोघांना मी एका कागदावर एक करून टाकलं होतं. एक मेसोपोटेमियात गेलेला, दुसरा पूर्व आफ्रिकेत. माझ्या हिशेबानं एकच गडी दोन्हीकडं लढून दोनदा मेला होता. वडिलांचं नाव बघितलं असतं तर पाच मिनिटांत सुटलं असतं. आयोगाच्या पुष्कळ नोंदींत बापाचं किंवा बायकोचं नाव, गाव, तालुका असतो. तो भाग लोक वाचतच नाहीत, तारखेवर उडी मारतात.

शिपाई क्रमांकावरही एकट्यावर विसंबू नका. पहिल्या महायुद्धात क्रमांक पलटणीपुरते असायचे, त्यामुळे तोच क्रमांक दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याला मिळालेला असतो. क्रमांक, पलटण आणि बापाचं नाव अशी तिन्ही जुळली तरच मी माणूस एक धरतो.

पलटणीचं नाव बघितल्याशिवाय कागदाचं वय ठरवू नका

१९२२ मध्ये हिंदी सैन्याची फेररचना झाली. १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन झाली, ११७ वी तिची पाचवी. आता १९१५ ला मेलेल्या माणसापुढं '५ वी मराठा' असं दिसलं तर लोक म्हणतात पलटण चुकली. चुकली नाही. तो कागद १९२२ नंतर लिहिला गेला एवढंच ते सांगतं, आणि मग त्यातली तारीखही कुठल्यातरी जुन्या कागदावरून उतरवलेली आहे हे ओघानं आलं. अशा कागदाला मी दुय्यम मानतो, शिक्का कितीही गोल असला तरी. आणि शाहू महाराजांच्या काळात गेला म्हणजे राजाराम रायफल्समध्येच असणार, असंही धरू नका. ती संस्थानची फौज. इंग्रजांच्या पलटणीत भरती झालेले कोल्हापूरकर वेगळे.

आता बाकीच्या भराभर.

जिल्हा 'कोल्हापूर' टाकून शोधलं आणि सापडला नाही म्हणून हात टेकू नका. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. आजरा इचलकरंजी जहागिरीत होतं. हातकणंगल्याकडचा माणूस 'आळते' पेट्याखाली (पेटा म्हणजे तेव्हाचा तालुक्यासारखा विभाग) मिळतो.

आडनाव इंग्रज कारकुनानं कानाला पडलं तसं लिहिलं आहे. जाधवाचा जादो होतो, गावाच्या नावाचं तर विचारूच नका. मी नावापेक्षा गावावरून शोधतो, आणि गावाचं नाव चार प्रकारे मोडून बघतो.

गावच्या शिळेवर 'या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले' असे दोन आकडे असतात. पहिला आकडा हुतात्म्यांचा म्हणून भाषणात ठोकून देऊ नका. मी हे ऐकलं आहे, तेही शिळेच्या शेजारीच उभं राहून.

स्मारक म्हणजे समाधी नव्हे. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त जणांची दखल आहे, पण साध्या हिंदी शिपायांची नावं तिथं भिंतीवर कोरलेली नाहीत, पलटणीच्या नावाखाली आकडा आहे. नावं नोंदवहीत. तिकडं जाऊन आजोबांचं नाव शोधायचा बेत असेल तर आधी एवढं समजून घ्या.

'मृत' आणि 'लढाईत ठार' यांत फरक आहे. मेसोपोटेमियात पटकीनं, तापानं, उष्माघातानं किती गेले! घरात गोळीची गोष्ट चालत आलेली असते आणि कागद आजार सांगतो. यात कमीपणा काही नाही, पण काही पोरं कागदच लपवतात.

इंटरनेटवरच्या दहा वंशावळींत एकच तारीख दिसली म्हणजे दहा साक्षीदार झाले असं नाही. नऊ जणांनी एकाचं उतरवलेलं असतं. अमेरिकी संकेतस्थळ असेल तर महिना आधी आणि दिवस नंतर, हेही बघा.

लाहोरच्या संग्रहालयातल्या नोंदवह्यांमधून पंजाबच्या ३ लाख २० हजार सैनिकांची माहिती २०२१ मध्ये खुली झाली, तेव्हापासून "आपल्याकडचं पण असंल की असं काहीतरी" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा येतो. त्या वह्या पंजाबच्या आहेत. आपल्याला तालुक्याची रेकॉर्ड रूम, पुराभिलेखागार आणि मोडी वाचता येणारा माणूस यांच्याच पायऱ्या झिजवायच्या आहेत. मोडी शिकायला सहा महिने लागतात म्हटलं की समोरचा घड्याळ बघतो.

आणि पदक घेऊन येणार असाल तर ते चिंच लावून घासू नका. पहिल्या युद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, बारीक अक्षरांत. मागच्या महिन्यात एकजण असं पदक आरशासारखं लखलखीत करून घेऊन आला. कडेवर 'मराठा' एवढंच वाचता येत होतं.