शेवग्याच्या पाल्याची पावडर: सादळू न देता कशी करावी, कशी ठेवावी

शेवग्याच्या पाल्याची पावडर करायला फारसं काही लागत नाही. पाला, सावली आणि मिक्सर. टिकवण्याचा प्रश्न आला की मात्र सगळे 'हवाबंद डब्यात, कोरड्या जागी ठेवा' एवढं सांगून मोकळे होतात. कोकणात कोरडी जागा कुठे असते, ते त्यांनी एकदा जुलैत येऊन दाखवावं.

आमच्या परसात शेवग्याची चार झाडं आहेत. दरवर्षी घरापुरती आणि नातेवाइकांपुरती पावडर मी करते. पहिली तीन वर्षं ती बिघडवली, आणि खाली जे लिहिलंय ते त्या बिघडण्यातून शिकलेलं आहे.

पाला काढणं, धुणं, वाळवणं

हंगाम डिसेंबर ते मार्च. गोकुळाष्टमीला आमच्याकडे शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी हवीच, पण त्या दिवसांतला पाला भाजीलाच बरा. सकाळी दंव उतरल्यावर तोडा, पिवळी आणि किडकी पानं काढून टाका. पिण्याच्या पाण्याने दोनदा धुवा, मग लिटरला दहा ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून परत धुवा. निथळून सुती कापडावर पातळ पसरा, वर जाळी टाका, सावलीत वाळवा. दिवसातून दोनदा हात फिरवा, हात धुतलेले असावेत. तीन-चार दिवसांत काम होतं. उन्हात वाळवू नका. हिरवा रंग खाकी झाला की त्याबरोबर अ जीवनसत्त्व देणारं बीटा कॅरोटीनही गेलेलं असतं, आणि त्यासाठीच तर हा खटाटोप.

देठासकट आठेक किलो पाला तोडला की किलोभर पावडर पडते. कमी पडली म्हणून हळहळू नका. जास्त पडली तर शंका घ्या, कारण वजन पाण्याचंही असू शकतं.

पाला खरंच वाळलाय का

'पान चुरलं की वाळलं' हा सल्ला अर्धाच खरा आहे. पातं आधी वाळतं, मधली बारीक काडी मागे राहते. पान मुठीत कुरकुरतं आणि काडी लवचिकच असते. काडी वाकवून बघा, ती कट्कन तुटली पाहिजे. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे वजन. परातीतला पाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवा, आणखी दोन तास वाळवा, परत वजन करा. आकडा उतरला नाही तर वाळला. उतरला तर अजून पाणी आहे, मग पान कितीही कुरकुरीत लागो.

आणि वेळ सांभाळा. दुपारी दोनला खडखडीत असलेला पाला संध्याकाळी सातला सादळलेला असतो. वाळलेलं पान हवेतलं पाणी परत ओढून घेतं. तेव्हा दळायचं ते दुपारी बारा ते तीनमध्येच. 'आज जमलं नाही, सकाळी दळू' असं झालं तर सकाळी आधी परत वाळवायचं, मगच मिक्सर काढायचा.

मिक्सर ते बरणी: सगळा घोळ इथे होतो

तिसऱ्या वर्षी मी पाला वजन करून वाळवला होता, बरण्या उन्हात तापवून घेतल्या होत्या, झाकणं घट्ट होती. तरी दीड महिन्याने ठाण्याहून धाकट्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, रागावू नका, पण तुमच्या पावडरीचा गोळा झालाय. आणि वास पण कुबट येतोय." मी आधी तिच्या ओल्या चमच्याला दोष दिला. मग माझ्या माळ्यावरची बरणी उघडली. झाकणाच्या आतल्या कडेला हिरवट पापुद्रा धरला होता आणि खाली बोटभर जाडीची पावडर दगडासारखी बसली होती. त्या बरणीला कुणाचाच चमचा लागला नव्हता.

चूक अशी झाली होती. मिक्सर दोन-तीन मिनिटं सलग फिरवला की भांडं हाताला चटका देतं. आतली पावडर तितकीच गरम असते, आणि पाल्यात उरलेलं थोडंसं पाणी त्या उष्णतेने वाफ होऊन बाहेर येतं. मी ती गरमच बरणीत भरून झाकण लावत होते, कारण 'दळल्याबरोबर लगेच हवाबंद करा' असं सगळीकडे सांगितलेलं. वाफ थंड झाकणाला लागते, तिचं पाणी होतं, ते वरच्या थरावर पडतं. सगळ्या बरणीत मिळून चमचाभरही पाणी नसेल, पण एका जागी साचलं की बुरशीला तेवढं पुरतं.

बरं, उघडी ठेवून गार करावी तर तेही चालत नाही. बारीक पावडरीचा पानापेक्षा कितीतरी जास्त भाग हवेला उघडा पडतो, त्यामुळे ती फार पटकन सादळते. झाकली तर आतून ओली, उघडी ठेवली तर बाहेरून ओली. यातून मी काढलेली वाट अशी:

1. मिक्सर वीस सेकंद फिरवा, थांबा, परत वीस सेकंद. भांडं कोमटच्या पुढे जाऊ देऊ नका. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका.

2. मिक्सर थांबल्यावर झाकण लगेच उघडू नका. पाच मिनिटं धूळ बसू द्या. पंखा बंद ठेवा, नाकाला मास्क लावा. ही धूळ औषधी असली म्हणून नाकाला सोसते असं नाही. मला एकदा तासभर ठसका लागला होता, डोळे चुरचुरत होते ते वेगळंच. दम्याच्या माणसाने हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावं.

3. चाळा. वस्त्रगाळ करायच्या नादी लागू नका, मैद्याची चाळण पुरते. वर राहिलेल्या काड्या परत दळत बसू नका, सगळ्यात जास्त पाणी त्यांच्यातच असतं.

4. आता पावडर ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये 50 अंशांवर अर्धा तास ठेवा. दळताना ओढलेला दमटपणा इथे जातो. ओव्हन नसेल तर भर दुपारी तापलेल्या पत्र्याखालच्या खोलीत, पातळ कापडाखाली.

5. मग पसरट स्टीलच्या डब्यात बोटभर जाडीचा थर करा. डब्याच्या तोंडावर कोरडं, दुहेरी सुती कापड ताणून बसवा आणि त्यावर झाकण लावा. निघेल ती वाफ कापड पिऊन घेतं, बाहेरची हवाही आत शिरत नाही. तासाभराने डबा तळाशी हाताला गार लागला की भरा.

भरण्याआधी चाचणी घ्या. दोन चमचे पावडर काचेच्या कोरड्या बाटलीत घालून झाकण लावा आणि तासभर उन्हात ठेवा. काचेला आतून धुकं धरलं तर चौथ्या पायरीवर परत जा. त्या दोन चमच्यांवर पाणी सोडा, पण बाकीची वाचते.

ठेवणं

मोठी बरणी नको. पंधरा दिवसांत संपेल एवढ्या छोट्या बाटल्या काठोकाठ भरा आणि एका वेळी एकच उघडा. बाटली तपकिरी असेल तर उत्तम, साधी असेल तर कपाटात ठेवा. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून दमटपणा हळूहळू आत जातोच, पाठवायची असेल तर आतून चंदेरी असलेलं पाकीट घ्या. सिलिका जेलची पुडी जरूर टाका, पण निळ्या दाण्यांची नको, त्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं. पांढरी, खाण्याच्या पदार्थांसाठीची घ्या.

रोजची बाटली फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढून उघडली की दमट हवा आत शिरते आणि गार पावडरीवर तिचं पाणी होतं. जास्तीच्या सीलबंद बाटल्या चालतील, मात्र बाहेर काढल्यावर दोन-तीन तास झाकण उघडायचं नाही.

आणि उकळत्या डाळीवर बाटली तिरकी धरून ठोकू नका. मी स्वतः हे वर्षानुवर्षं करत होते. दर वेळी वाफेचा एक भपकारा आत जातो. लागेल तेवढी आधी वाटीत काढा, झाकण लावा, मग वाटी डाळीवर.

वाळली म्हणजे निर्जंतुक झाली, असं नाही

कोरड्या पावडरीत जंतू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. पोट बिघडवणारा साल्मोनेला तर महिनोन् महिने तग धरतो. 2025 मध्ये अमेरिकेत शेवग्याच्या पावडरीतून त्याची लागण झाली आणि माल परत मागवावा लागला. म्हणून धुण्याचं पाणी पिण्याचंच हवं, आणि वाळवण्याच्या जागी कोंबडी, मांजर, पाल फिरकता कामा नये. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर गार पाण्यात ढवळून देऊ नका, डाळीत घालून उकळा. रक्त पातळ होण्यासाठी वॉर्फरिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं.

कुबट वास आला, जाळी दिसली किंवा पांढरे ठिपके दिसले, तर पावडर परत वाळवून वापरू नका. बुरशीने सोडलेलं विष ओव्हनने जात नाही. वरचा थर काढून खालची ठेवणं हाही तोच प्रकार. नुसता गोळा झालाय, दोन बोटांत दाबला की कोरडा फुटतोय आणि वास ताज्या पाल्याचा आहे, तर हरकत नाही, पण आठवडाभरात संपवा.

प्रत्येक बाटलीवर दळल्याची तारीख लिहा. मी सहा महिने धरते, म्हणजे फेब्रुवारीची पावडर ऑगस्टपर्यंत. तोवर झाडाला नवा पाला आलेला असतो आणि गोकुळाष्टमीही जवळ आलेली असते.