किनाऱ्यावरची स्पोर्ट्‌स कार : या चुका टाळा

माझ्याकडे गेली नऊ वर्षे दोन आसनांची, कापडी छताची आणि सीटच्या मागे इंजिन असलेली एक जुनी गाडी आहे. ती मी रत्नागिरीच्या उत्तरेला, जयगड खाडीच्या अलीकडे, चिऱ्याच्या भिंतींच्या मांगरात, म्हणजे शेतघरात, ठेवतो. ही गोष्ट पंचक्रोशीत आणि तिथून मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचल्यापासून दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मला फोन येऊ लागतात. फोन करणाऱ्याची गाडी पिवळी असो वा लाल, तक्रार ठरलेली असते: बंपरखालची लिप, म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी, फाटली, बॅटरी उतरली, गाडी पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, बसली. यांतला एकही बिघाड कारखान्यातून आलेला नसतो. बहुतेक वेळा मालकाने कुठेतरी पाच मिनिटे वाचवलेली असतात, आणि ती कुठे वाचवली हे तो फोनवर लवकर कबूल करत नाही.

जेटीवर आणि गतिरोधकावर नाक सरळ घालणे

या चुकीवर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण ती मी स्वतः केलेली आहे. किनाऱ्याने प्रवास करणाऱ्याला दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेसवी–बागमांडला अशा फेरीबोटींचा मोठा आधार असतो. खाडीला वळसा घालून जाण्याचा कित्येक किलोमीटरचा फेरा त्यामुळे वाचतो. मात्र बोटीचा लोखंडी फाळका, म्हणजे गाड्या चढवायची फळी, जिथे जेटीच्या काँक्रीटच्या उताराला टेकतो, तिथे दोन चढांचा एक कोन तयार होतो. साधी गाडी तो सहज पार करते. आपल्या गाडीचे नाक पुढच्या चाकाच्या बरेच पुढे आलेले आणि जमिनीपासून जेमतेम चार-पाच बोटे वर असते, त्यामुळे चाक फाळक्यावर चढण्याआधीच नाक त्यावर आपटते.

गाडी घेतली त्याच वर्षी मी दाभोळच्या जेटीवर रांगेत उभा होतो. मागे एक टेम्पो हॉर्न वाजवत होता आणि बोटीवरचा माणूस हात हलवून “येऊ द्या, येऊ द्या, सरळ येऊ द्या” म्हणत होता. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. दिवसभर त्याच्यासमोर येणाऱ्या गाड्यांना सरळ येणेच योग्य असते. मी खाली उतरून पाहायला हवे होते, पण टेम्पोवाल्याची लाज वाटली म्हणून मी पहिला गिअर टाकून सरळ गेलो. आधी खर्र असा आवाज आला, मग काहीतरी तुटल्याचा, आणि बोटीवर चढलो तेव्हा बंपरखालची काळी लिप उलटी दुमडून चाकाच्या दिशेने लोंबत होती. पलीकडे धोपाव्याला उतरल्यावर जाळे विणत बसलेल्या एका काकांनी काही न विचारता हिरव्या नायलॉन दोरीचा हातभर तुकडा कापून दिला आणि दोन भोके पाडून लिप कशी ओवायची तेही दाखवले. त्या टाक्यांवर मी गुहागर करून घरी आलो. ती दोरी अजून माझ्या डिकीत आहे आणि तिने नंतर दुसऱ्या दोघांच्या गाड्याही घरी पोहोचवल्या आहेत.

आता माझी रीत अशी आहे की जेटीवर मी गाडीतून उतरतो, फाळक्यापर्यंत चालत जातो आणि मगच ठरवतो. जागा असेल तर गाडी तिरकी घालतो, म्हणजे एका वेळी एकच पुढचे चाक चढते आणि तोवर नाकाचा तो कोपरा वर उचललेला असतो. बोट भरलेली असेल आणि तिरके जायला वाव नसेल तर फाळक्याच्या तोंडाशी दोन फळ्या टाकतो, जेणेकरून चढ एकदम न येता दोन टप्प्यांत येतो. सुरुवातीला मी आंब्याच्या पेटीच्या फळ्या वापरून पाहिल्या आणि पुढचे चाक चढताच त्यांचा चुरा झाला, त्यामुळे आता फणसाच्या लाकडाच्या, इंचभर जाडीच्या आणि दोन फूट लांबीच्या दोन फळ्या सीटमागे असतात. ओहोटीच्या वेळी आणखी एक सावधगिरी लागते. तेव्हा बोट उताराच्या खालच्या टोकाला लागते आणि तिथले काँक्रीट शेवाळलेले असते. रुंद टायर आणि मागच्या चाकांना जोर असलेली गाडी तिथे थांबवून पुन्हा उचलायला गेलात तर मागची चाके जागच्या जागी फिरतात. म्हणून वरच्या कोरड्या भागात थांबून वाट पाहावी आणि रस्ता पूर्ण मोकळा झाल्यावर एका दमात, पण हळू, चढावे.

गतिरोधकाचेही गणित हेच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गतिरोधक सुमारे १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, आणि तसा असेल तर आपली गाडीही फारशी कुरकुर न करता जाते. वाडीतल्या लोकांनी उरलेल्या काँक्रीटमधून एका संध्याकाळी घातलेला गतिरोधक मात्र उंचीला दीडपट आणि रुंदीला हातभर असतो. त्यावर नाक वाचले तरी पोट घासते, कारण पुढची चाके उतरलेली असतात, मागची चढायची असतात आणि मधला भाग नेमका शिखरावर असतो. पोरांच्या जिवासाठी घातलेल्या त्या उंचवट्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती “वेगात गेलं की उडून जातं” असे सांगणाऱ्यांबद्दल. वेगात गेले की स्प्रिंग दबते आणि गाडी आणखी खाली येते, हे त्यांना खालचे प्लॅस्टिकचे कवच रस्त्यावर पडल्यावर कळते. ज्यांच्या गाडीत नाक उचलण्याचे बटण आहे त्यांनीही फुशारकी मारू नये, कारण ठरावीक वेगाच्या पुढे ते नाक आपोआप खाली येते आणि पुढचा गतिरोधक येईपर्यंत ही गोष्ट विसरलेली असते.

पावसाळ्यात गाडी झाकून निघून जाणे

दुसरी चूकही मी पहिल्याच वर्षी केली. कामानिमित्त पावसाळाभर पुण्यात राहावे लागणार होते, म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी गाडी मांगरात लावली, हँडब्रेक ओढला, वर निळी ताडपत्री घालून चारी बाजूंनी बांधली आणि मोठे शहाणपण केल्याच्या आनंदात निघून गेलो. गणपतीच्या दोन दिवस आधी परत आलो तेव्हा रिमोटला गाडीने दाद दिली नाही. किल्लीने दार उघडले आणि आतून जो वास आला तो बंद पडवीत विसरलेल्या ओल्या गोणपाटाचा होता. स्टिअरिंगवर पांढरीहिरवी बुरशी, सीटच्या शिलाईत बुरशी आणि पट्ट्यांवरही बुरशी होती.

बॅटरी का उतरली याचा हिशोब सोपा आहे. गाडी बंद असली तरी अलार्म, लॉक आणि घड्याळ मिळून साधारण ५० मिलिअँपिअर वीज घेत राहतात असे धरले, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात. ६० अँपिअर-तासांची बॅटरी या हिशोबाने ५० दिवसांत पूर्ण रिकामी होते आणि मी जवळजवळ ८० दिवस बाहेर होतो. एवढे साधे गणित गाडी लावताना सुचले नाही.

खरी गंमत पुढे होती. पोर्शे ९११ किंवा बॉक्स्टरमध्ये बॅटरी पुढच्या डिकीत असते, माझ्याही गाडीत ती तिथेच आहे, आणि ती डिकी विजेच्या लॉकने उघडते. थोडक्यात, बॅटरीपर्यंत पोहोचण्यासाठी बॅटरी चालू असावी लागते. मदतीला आलेल्या गॅरेजवाल्या पोराने पहार आणायची तयारी केली होती. सुदैवाने चहा येईपर्यंत मी हस्तपुस्तिका चाळली. चालकाच्या पायाशी असलेल्या फ्यूज बॉक्समध्ये एक लाल टोक बाहेर ओढता येते, त्याला दुसऱ्या बॅटरीचे धन टोक आणि दाराच्या लोखंडी कडीला ऋण टोक लावले की लॉकपुरती वीज मिळते, असे त्यात चित्रासह दिलेले होते. टक्कन आवाज होऊन डिकी उघडली आणि पहार परत गेली. त्या टोकातून इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न मात्र करू नये, कारण तिथली तार तेवढ्या प्रवाहासाठी नसते. गाडीवर लाखो रुपये घालणारे लोक तिच्याबरोबर फुकट मिळालेले पुस्तक का उघडत नाहीत, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

आमचा उत्साह एअर फिल्टरचा डबा उघडेपर्यंत टिकला. उंदरांनी सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालीचा, काथ्या ओढून आणून तिथे व्यवस्थित घरटे केले होते आणि शेजारच्या एका तारेचे वेष्टण कुरतडले होते. तसेच इंजिन सुरू केले असते तर काथ्या आत ओढला गेला असता.

तेव्हापासून मी गाडीला ताडपत्री लावत नाही. छप्पर गळत नसेल तर सुती, हवा खेळणारे आवरण पुरते, कारण प्लॅस्टिकखाली जमिनीतली ओल अडकते आणि खारी हवा तिथेच मुरते. बॅटरीला कायम जोडून ठेवायचा छोटा चार्जर लावतो. घेताना एवढेच पाहिले की वीज जाऊन परत आल्यावर तो आपोआप सुरू व्हावा. आमच्याकडे पावसात वीज दिवसातून तीनदा जाते आणि दर वेळी बटण दाबावे लागणारा चार्जर पहिल्याच दिवशी निकामी ठरतो. हँडब्रेक कधीही ओढून ठेवत नाही, कारण ओलाव्यात ब्रेकचे अस्तर लोखंडाला चिकटून बसते. गाडी गिअरमध्ये ठेवतो आणि चाकांना चिऱ्याचे तुकडे लावतो. टाकी भरून ठेवतो, कारण आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतले बाष्प ओढते, आणि रिकाम्या टाकीत ओल्या हवेला जागा जास्त असते. आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवतो. एका गृहस्थांनी घरगुती उपाय म्हणून वाडगाभर खडे मीठ गाडीत ठेवले होते. मिठाने दमटपणा शोषला खरा, पण आषाढात त्याचेच पाणी झाले आणि ते गालिच्यावरून थेट खालच्या पत्र्यात उतरले. समुद्र गाडीबाहेर ठेवण्यासाठी आपण एवढी धडपड करतो, त्यांनी तो वाडग्यात घालून आत नेला.

“शेजारचा मुलगा आठवड्याला पाच मिनिटे गाडी सुरू करतो” हेही अनेकांचे समाधान असते. एवढ्या वेळात इंजिन पुरते तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचते आणि सुरू करण्यात गेलेली वीजही भरून येत नाही. चालवायची असेल तर अर्धा तास चालवावी, नाहीतर तिला झोपू द्यावे.

किरकोळ, पण रोजच्या

माडाखाली गाडी लावू नये. यावर स्पष्टीकरण मागणाऱ्याने आधी माडाकडे वर पाहावे.

पुळणीत गाडी नेऊ नये. भरती साधारण साडेबारा तासांनी पुन्हा येते, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ती नेहमीच्या रेषेच्या बरीच वर येते, आणि आपली गाडी रुतली की चाकांवर नव्हे तर पोटावर बसते. मग मदतीला धावलेली मंडळी दोर बांधायला हूक शोधतात, तो न सापडल्याने चाकामागच्या दांड्याला दोर बांधतात आणि दांडा वाकवतात. हूक टूलकिटमध्ये असतो, तो बंपरवरच्या छोट्या झाकणामागे पिळून बसवायचा असतो आणि काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. हे घरी एकदा करून पाहावे. दापोलीजवळच्या कर्द्याच्या किनाऱ्यावर पाणी डिकीला लागलेले असताना शिकण्याची ही विद्या नव्हे.

जांभ्याची लाल धूळ कोरड्या फडक्याने पुसू नये, तिच्या कणांचे ओरखडे रंगावर कायमचे राहतात. आधी पाण्याने उतरवावी. समुद्राकाठून आल्यावर गाडी गोड्या पाण्याने खालून धुवावी आणि धुतल्यावर लगेच उभी न करता एक फेरी मारून ब्रेक कोरडे करावेत.

पाणी भरलेल्या रस्त्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करून पाहू नये. या गाड्यांचे हवा ओढण्याचे तोंड बहुधा खालच्या बाजूला असते, पाणी आत गेले की दट्ट्याला (पिस्टनला) ते दाबता येत नाही आणि दांडे वाकतात. वेगळे इंजिन-संरक्षण घेतलेले नसेल तर साध्या विम्यातून हा खर्च सहसा मिळत नाही.

टायरवरचे चार आकडे वाचायला शिकावे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून दहा वर्षांचे टायर घेऊन पावसात आंबा घाट उतरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या गाडीत बसत नाही.

“ॲव्हरेज किती देते?” या प्रश्नावर चिडू नये. तो विचारला जाणारच. मी खरा आकडा सांगतो आणि समोरचा माणूस माझ्याकडे सहानुभूतीने पाहतो.

कापडी छप्पर असणाऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट. छताच्या दोन्ही बाजूंना पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि सुरूच्या झाडाखाली एक दुपार गाडी उभी राहिली तरी त्याच्या सुया त्यांत जाऊन अडकतात. आंब्याचा मोहोरही तेच करतो. नळी तुंबली की पाणी सीटखाली उतरते, आणि काही गाड्यांत नेमके तिथेच इलेक्ट्रॉनिक्सचे खोके असते. नळीत लोखंडी तार घालू नये, ती नळी फाडते. मी गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी घालतो, हळूहळू फिरवतो आणि मग तांब्याने थोडे थोडे पाणी सोडतो. दर वर्षी मृग लागण्याच्या आठवडाभर आधी हे काम होते: मी वर तांब्या धरून, आणि पुतण्या खाली चटईवर आडवा होऊन चाकामागे थेंब पडतात का ते पाहत. उजवीकडून “आलं, काका” असे ऐकू आले की डावीकडे जायचे.