मझल ब्रेक बसवताना या चुका टाळा

रायफलीचा दणका कमी व्हावा म्हणून नळीच्या तोंडाला मझल ब्रेक, म्हणजे वायू बाजूला सोडणारी छिद्रं असलेला तुकडा, लावला आणि गोळ्या फाकायला लागल्या, तर दोष बहुधा ब्रेकचा नसतो. ब्रेक तिरपा बसलेला असतो. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे शस्त्राच्या दुरुस्ती-फेरबदलाच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो. त्यामुळे नळीवर आटे पाडायला गावातल्या लेथवाल्याकडे जाऊ नका. पुढच्या गोष्टी परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या.

आटे न जुळणं ही पहिली चूक. .223 कॅलिबरच्या नळीच्या तोंडावरच्या आट्यांचा व्यास बहुधा अर्धा इंच, इंचाला 28 आटे असतात; .308 ला पाच-अष्टमांश इंच, 24 आटे. बऱ्याच युरोपीय रायफलींना 14 किंवा 15 मिलिमीटर, 1 चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर 1 मिलिमीटर). ब्रेक दोन-तीन फेऱ्यांनंतर अडकला तर थांबा. पान्याने रेटलात तर आटे गेलेच.

ब्रेकचं भोक गोळीपेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर मोठं हवं: 7.82 च्या गोळीला 8.3 च्या आसपास. रायफल रिकामी करा, बोल्ट काढा, नळीत सरळ सळई घाला आणि भोकात चारही बाजूंनी सारखी फट दिसते का बघा. आतल्या कडेला एकाच बाजूला तांब्याचा ओरखडा दिसला, तर गोळी घासतेय. ब्रेक काढा, तोवर एकही गोळी झाडू नका.

ब्रेक तिरपा बसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे क्रश वॉशर, ब्रेक आवळताना दबून बसणारा वॉशर. तो दबताना एका बाजूला जास्त दबू शकतो, शिवाय एकदाच वापरायचा असतो. अचूक रायफलीला पातळ शिम (धातूच्या सपाट चकत्या) बरे. नळी व्हाइसमध्ये धरताना तोंडाजवळ, ठोकळ्यांत धरा; रिसिव्हर (बोल्ट बसतो तो मधला भाग) पकडून पिळू नका. 27 ते 40 न्यूटन-मीटर पुरतं.

छिद्रं आडवी, सारख्या उंचीवर यायला हवीत. खाली वळली तर उन्हाळ्यात खानदेशातल्या काळ्या रानात पडून नेम धरणाऱ्याच्या तोंडावर धुरळाच. आटे घट्ट धरायला लावलेला साधा निळा लॉकटाइट गोंद नळी तापली की मऊ पडतो. रॉकसेट नावाचं उष्णता सोसणारं चिकटद्रव्य टिकतं आणि पाण्यात भिजवलं की सुटतं. बसवल्यावर झीरो (नेम आणि गोळी लागण्याची जागा जुळवणं) नव्याने करा, कारण नेमाची जागा सरकतेच.

आवाज बाजूला फेकला जातो, म्हणून पत्र्याच्या शेडखाली शेजाऱ्यालाही इअरप्लग आणि वरून कान झाकणारे मफ हवेत. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल स्पर्धेत ब्रेक चालतच नाही.

शेतरक्षणाच्या जुन्या बारा बोअरला हा खटाटोप नको. नळीची भिंत पातळ. आटे पाडले तर ती कमजोर होते. तिथे दस्त्यामागे रबरी रिकॉइल पॅड लावा.